देवाक काय कळता सॉफ्टवेअर!

ज्या दिवशी मस्कतचे परब मला जावई म्हणून बघणार होते, त्याच दिवशी सकाळी मी माझ्या लॅपटॉपमधली चांगली चालणारी सिस्टिम पुसून टाकली आणि तिच्या जागी अजून पुरती तयार न झालेली बसवली. मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. उलट 'नको' म्हणणाऱ्यांत आई होती, बाबा होते, धाकटी बहीण शुभी होती आणि ग्रामदेवता होती!

(ग्रामदेवतेचं पुढे सांगतो. तिचा मान मोठा.)

तेव्हा, म्हणजे २००८ च्या सुमारास, मालवणच्या बाजारात माझा सायबर कॅफे होता. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात तो बाबांच्या जाळी-दोरखंडाच्या दुकानाचा मागचा अर्धा भाग होता. पुढे रापणीवाले मच्छीमार दोर ओढून ओढून बघत, मागे पोरं दहावीचा निकाल बघत, आणि दोघांच्याही कपड्यांना घरी जाताना डांबराचा वास येई. माझं वय बत्तीस. केसांनी काढता पाय घेतलेला. स्थळं येत, पण बोलणी नेहमी एकाच ठिकाणी अडत.

"मुलगा काय करतो?"

"कॉम्प्युटरमध्ये आहे."

"अरे वा! कुठे?"

"दोरखंडांच्या पाठी."

संपलं!

अशात परबांचं स्थळ आलं. मूळचे वेंगुर्ल्याचे, नोकरीनिमित्त मस्कतला. मुलगी वैशाली, तिकडच्याच शाळेत शिक्षिका. मध्यस्थाने फोटो दाखवला आणि मी तो परत द्यायला विसरलो. त्याने जाताजाता हेही सांगून ठेवलं, की परबांच्या डोळ्यांसमोर आणखी एक मुलगा आहे, कुडाळचा, बँकेतला, पक्का. आणि परबकाकांचा निरोप असा होता : "मुलगा कॉम्प्युटरवाला आहे ना? मग आधी कॉम्प्युटरवरच दाखवा. पसंत पडला तर मे महिन्यात येतो."

म्हणजे परीक्षा माझी आणि पेपरही माझ्याच विषयाचा. यात नापास व्हायला खास बुद्धी लागते. ती माझ्याकडे होती.

आता थोडं त्या सिस्टिमबद्दल. माझ्या लॅपटॉपवर जी होती, ती फुकट मिळायची आणि तिच्या दोन जाती असायच्या. एक 'स्टेबल', म्हणजे स्थिर : हजारोंनी वापरलेली, खोडी काढून झालेली, जरा जुनाट, पण बुडणार नाही अशी. दुसरी 'डेव्हलपमेंट', म्हणजे काम चालू असलेली : सगळ्यात ताजी, रोज बदलणारी. समजा, किनाऱ्यावर होडी बांधतायत. फळ्या बसल्यात, भेगा बुजवायच्या बाकी आहेत, सुतार जेवायला गेलाय. आणि तुम्ही म्हणता, "किती छान रंग आहे!" आणि ढकलता ती पाण्यात. ती ही दुसरी. जगात शहाणी माणसं पहिली वापरतात. मी दुसरी वापरणाऱ्यांकडे बघून लाळ गाळणाऱ्यांपैकी!

बघण्याच्या दिवशीच सकाळी वाचलं, की डेव्हलपमेंटवाल्या जातीत 'कॅमेऱ्याची बाजू खूप सुधारली आहे'. घावणे खाताखाता मी ही आनंदाची बातमी घरात फोडली.

"आताचो कॅमेरो चालता मां?" बाबांनी विचारलं.

"चालता."

"आम्ही दिसतंव मां?"

"दिसतास. पण जरा पुसट."

"पुसटच बरो दिसता दादा," शुभी म्हणाली. "केसांचा लक्षात येवचा नाय."

"मगे चालता तेका हात कित्याक लावतस?" बाबा म्हणाले. मी त्यांना जगाच्या प्रगतीबद्दल चार शब्द ऐकवले. त्यांनी मला माझ्या प्रगतीबद्दल दोनच ऐकवले. पण ते जास्त लागले.

शेवटी आईने तोडगा काढला. "नायतरी स्थळाचो कौल लावूक देवळात जावचा आसाच. ह्या पण इचारूया."

कौल म्हणजे सोपं असतं. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नाही'. आमच्याकडे त्याशिवाय विहिरीचा पंपसुद्धा बदलत नाहीत.

स्थळाचा कौल लावला आणि उजवी पाकळी टपकन पडली. आईने डोळ्यांना पदर लावला. मग मी पुढे सरलो.

"आणखी एक इचारूचा होता. व्हर्जनाचा."

"तां खंयचा?" गुरवाने विचारलं.

"कॉम्प्युटरातला."

"बाधा आसा काय तेका?"

"नाय हो. जुन्या काढून नवीन घालूचा आसा."

गुरवाने अनुभवी डॉक्टरप्रमाणे मान हलवली, पाकळ्या चिकटवल्या आणि सुरू केलं. "बा देवी म्हाराजा! ह्या तुझा लेकरू आज कॉम्प्युटरात नवीन व्हर्जन घालूक बघता..."

"व्हय म्हाराजा!" आई, बाबा आणि नारळ फोडायला आलेला एक अनोळखी माणूस, सगळे एका सुरात.

"जुन्या व्हर्जनाचो काय रोष आसात, काय अडथळो आसात, तो दूर कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"वाकडा आसात तां सरळ कर, आणि सरळ आसा तां उलटा करू नको म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

राजा म्हणायच्या आत डावी पाकळी खाली!

"डावी," गुरव म्हणाला.

"देवीची डावी काय आमची डावी?" मी विचारलं.

"देवीची. तुझी हंय कोण इचारता?"

"वारो इलो असतलो."

"झिला," गुरव शांतपणे म्हणाला, "गाभाऱ्यात पंखो नाय, खिडकी नाय. वारो फकस्त तुझ्या तोंडातसून येता."

परत येताना स्कूटरवर मी पुटपुटलो, "देवाक काय कळता सॉफ्टवेअर!" पाठीमागे आई बसली होती. तिने ऐकलं. "शिरा पडो तुझ्या तोंडार!" म्हणाली आणि माझ्या वतीने देवीची माफी मागत घरापर्यंत आली. आईची प्रार्थना देवीपर्यंत पोचली असेल, असं समजून मी निर्धास्त झालो!

घरी आल्यावर आई नारळ किसायला बसली, बाबा परबांसाठी दाढी करून घ्यायला आणि मिशीला कलप लावून घ्यायला गेले, आणि मी डाव टाकला. जुनी पुसली. नवी चढली. पडद्यावर नवा निळा रंग, नवी चिन्हं, सगळं कसं नव्या नवरीसारखं! कॅमेरा मात्र मी तपासला नाही. सुधारली आहे म्हणून छापून आलेली वस्तू तपासणं म्हणजे तिचा अपमान, असं तेव्हाचं माझं मत.

दुपारी पडवीत टेबलावर लॅपटॉप ठेवला. समोर खुर्च्या. आईने मोतिया साडी नेसून अबोलीचा वळेसार माळला होता. बाबा सफारीत. पाहुणचार म्हणून प्रत्येकाच्या हातात सोलकढीचा पेला. ("पाहुणे मस्कताक आसत, कढी कोणाक?" असं शुभीने विचारलं. "हातात कायतरी होया," आई म्हणाली.)

घंटी वाजली. पडद्यावर परब कुटुंब उमटलं : भरघोस काळ्या मिशांचे काका, सोनेरी चष्म्याच्या काकू आणि मधे वैशाली. फोटोपेक्षा छान. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, बघ!

बाबांनी खास ठेवणीतलं मराठी काढलं. "नमस्कार! आपण सर्व कुशल आहात ना?"

पलीकडे परबकाकांनी मान डावीकडे कलती केली. मग काकूंनी. मग वैशालीने तोंडावर ओढणी दाबली.

"आम्ही आहोत," परबकाका म्हणाले. "पण तुम्ही... तुम्ही असे कसे?"

तेव्हा मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे पाहिलं. तिथे आम्ही जसे मस्कतला दिसत होतो तसे दिसत होतो. खाली छत होतं. छतातून पंखा अळंबीसारखा उगवला होता. आणि वर जमिनीला आम्ही चौघं वटवाघळांसारखे लोंबत होतो! शिवाय लाल रंगाने निळ्याशी अदलाबदल केलेली. बाबांचा चेहरा दशावतारात घाम येऊन रंग फुटलेल्या राक्षसासारखा. आईचा अबोलीचा वळेसार निळा. कुंकू निळं. माझं टक्कल निळं आणि, उलटा असल्यामुळे, सगळ्यात पुढे.

"ताई," काकूंनी नाजूकपणे विचारलं, "तुम्ही ते निळं काय पिताय?"

"सोलकढी."

"निळी?"

आई खुर्चीवरून अर्धी उठली. "निळी कशी आसात? सोलां घरची आसत! गेल्या वर्साची!"

"आणि सांडत कशी नाही?" परबकाकांना वेगळीच काळजी.

मी शुभीच्या कानाला लागलो. "जुनी सीडी हाड. लगेच. वर 'स्टेबल' लिव्हलेली."

"ती? ती आवशीन कावळ्यांका टांगल्यान."

खिडकीतून अंगणात पाहिलं. दोरीवर वाळत घातलेले खारे बांगडे, आणि त्यांच्या वर सुतळीला बांधलेली माझी सीडी. माझी स्थिर सिस्टिम वाऱ्यावर गरगर फिरत होती, ऊन परतवत होती, आणि कावळे लांबच्या माडावर बसून चरफडत होते. घरात तेवढे बांगडे सुरक्षित होते.

"उलटो दिसता तर लॅपटॉपच उलटो कर!" बाबा ओरडले. ठेवणीतलं मराठी संपलं होतं.

कल्पना वाईट नव्हती. (असं वाटणं हेच वाईट असतं.) मी लॅपटॉप उचलून त्याच्याच डोक्यावर उभा केला. आता पडदा टेबलावर टेकलेला आणि कीबोर्ड वर छपरासारखा आडवा. तो कोसळू नये म्हणून शुभी मागे उभी राहून दोन्ही हातांनी धरून.

"आला! आला! सुलटे झालात!" मस्कतहून टाळ्या.

पण कॅमेरा फिरला तसा पडदाही फिरला. आता परब उलटे! काकांची मिशी कपाळावर गेली आणि वैशाली हसतेय की रडतेय ते कळेना. मुलगी नीट बघायला हवी म्हणून आईने मान वाकडी केली. बाबांनी त्याहून वाकडी केली. मग त्यांना ते पुरेना, तेव्हा ते खुर्चीवरून वाकून जवळजवळ जमिनीला कान लावून बसले. मी नवरामुलगा, मला तेवढं वाकणं शोभेना. मी मान खांद्यावर टाकून मंद स्मित केलं.

"तुम्ही आता सरळ दिसताय," परबकाका म्हणाले. "पण माना अशा का धरल्यात?"

"काही नाही, काही नाही," बाबा जमिनीवरून म्हणाले.

"घरात सगळ्यांनाच आहे का ते?" काकूंचा आवाज घाबरा झाला. "म्हणजे... पिढीजात?"

"छे छे!" मी मान सरळ केली. पण सरळ मानेला वैशाली उलटी दिसू लागली म्हणून ती आपोआप पुन्हा कलली. काकूंनी काकांना कोपराने ढोसलं, तेही उलटं.

"ही सिस्टिम तुम्हीच बसवलीत?" परबकाकांनी विचारलं.

"हो. सगळ्यात नवीन आहे."

"दिसतंय."

नेमकी याच वेळी शुभीला शिंक आली. हात सुटले, लॅपटॉप घसरला, मी झडप घातली, बाबांच्या सोलकढीने सफारीवर मुक्काम केला (घरच्या घरी मात्र अगदी गुलाबी!) आणि पडदा काळा झाला. ठार काळा.

"गेला," मी म्हणालो. "तुटला."

मग जणू कुणी बूच काढलं.

"गेला तां गेला! आधी सगळ्यांनी माना सरळ करा," आई म्हणाली. "बायल बरी वाटली, पण सोलकढयेक निळी म्हणता म्हणजे काय! मस्कतात सोलां बघलीहा काय कधी?"

"त्या परबाची मिशी माका खरी वाटणा नाय," बाबा सफारी झटकत म्हणाले. "ह्या वयात एवढी काळी?"

"बाबानु, तुमची सकाळी खंयच्या रंगाची होती?"

"शुभे, तू गप! तुझ्या शिंकेपायी पोराचा लग्न गेला!"

"माझ्या शिंकेपायी? देवीन डावी दिल्यान ती माझ्या शिंकेक दिल्यान?"

"मी सांगलेलंय!" आई कडाडली. "सांगलेलंय मां रे मी? चालता तां चालता म्हणान. आयकतलो कोण! बत्तीस वर्सांचो घोडो, अजून बांगड्याचे काटे आवशीन काढून दिल्याशिवाय घास गिळणा नाय, आणि चाललो देवीक शिकवक!"

(मालवणात जन्मून काटे काढता न येणं ही खाजगी गोष्ट असते. ती घराबाहेर जात नाही.)

मी टेबलावर डोकं टेकलं. खरंच रडू येत होतं. "तां जावंदे गो," मी म्हटलं. "माका चेडू आवडला होता. फोटो बघल्यापासून. आता ती त्या कुडाळच्या बँकवाल्याक हो म्हणतली. तेच्या घरात सगळां जाग्यार आसतला. माना पण."

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि तेवढ्यात, उलट्या पडलेल्या काळ्या लॅपटॉपमधून, खणखणीत आवाज आला :

"मिशी खरी आसा!"

आई दचकून देव्हाऱ्याकडे वळली.

"मिशी खरी आसा," परबकाका पुन्हा म्हणाले, आता त्यांचंही ठेवणीतलं मराठी संपलं होतं. "रंगाचा मगे कधीतरी समोरासमोर बोलूया. तुमच्या आणि माझ्या, दोन्ही!"

"आणि सोलां मी पण बघलंय हो ताई," काकू. "वेंगुर्ल्याची आसंय मी!"

चित्र गेलं होतं, आवाज गेलाच नव्हता! नव्या व्हर्जनमध्ये आवाजाची बाजू खरोखरच सुधारली होती. तिच्यातून कुणाचा श्वासही सुटत नव्हता. मग तिसरा आवाज आला, हसून हसून दमलेला :

"बांगड्याचे काटे ज्येचे त्येणां काढूचे. मी काढूची नाय. आत्ताच सांगतंय."

आणि मग मात्र फोन खरोखर तुटला.

त्या वाक्याचा अर्थ काय, यावर आमच्या घरात पुढचे काही दिवस खल झाला. बाबांच्या मते तो नकार होता. आईच्या मते, ज्या मुलीला घरात यायचंच नाही ती काट्यांची वाटणी कशाला करील? मी मध्यंतरी गुपचूप बांगड्यावर सराव करत होतो आणि दोनदा डॉक्टरकडे जाऊन घशातला काटा काढून आलो. शेवटी मध्यस्थाचा निरोप आला : मे महिन्यात येतो, मुलाला सरळ बघायला.

आले, आणि लग्न ठरलं. सीडी मात्र लग्नापर्यंत अंगणातच राहिली. आई उतरवू देईना.

लग्नानंतर एकदा मी वैशालीला विचारलं, की एवढं सगळं पाहून-ऐकून ती हो कशी म्हणाली. "बँकवाल्याच्या घरचे सगळे रांगेत सुलटे बसलेले," ती म्हणाली. "'चहा घ्या' सोडून कोण काय बोललाच नाय. तुमच्याकडचा आयकान मात्र हसान हसान माझ्या पोटात दुखला." मला वाटलं, चला, माझ्या त्या गाढवपणानेच शेवटी माझा संसार मांडून दिला! त्या दिवसापासून मी जरा ताठ मानेने फिरू लागलो.

तो ताठा आज उतरला. २०१० उजाडलंय. आज मस्कतहून सासू-सासरे नातीला लॅपटॉपवर पहिल्यांदा बघणार, म्हणून घरात धावपळ. आणि सकाळी घावणे खाताखाता मी वाचलं, की डेव्हलपमेंटवाल्या सिस्टिममध्ये कॅमेऱ्याची बाजू आणखी सुधारली आहे.

"वैशाली," मी म्हटलं, "फकस्त अर्ध्या तासाचा काम आसा..."

ती घावणा उलटत होती. थांबली. उलथन्यासकट माझ्याकडे वळली.

"तुका एक सांगूचा रवलाहा," ती म्हणाली. "स्थळां दोन होती तेव्हा माझ्या आजयेन वेंगुर्ल्याक कौल लावलेल्यान. देवान बँकवाल्याक उजवी दिल्यान आणि तुका डावी."

"मगे?"

"मगे काय! मी पण म्हटलंय, देवाक काय कळता! आता परत बँकवाल्याकडे जावचा म्हटला तर जुनी सीडी खंय आसा?"